कोटातलं पातेलं

येरेवानमध्ये त्या हिवाळ्यात
वीज यायची दिवसातून एक तास,
तोही रात्री-बेरात्री, चोरपावलांनी.
उरलेल्या तेवीस तासांना आई म्हणायची
आपले तास.

आई, नवार्द, भौतिकशास्त्र शिकवायची.
शाळा बंद होती, शाई दौतीत गोठली होती,
म्हणून ती आम्हालाच शिकवायची:
"उष्णता आपणहून कुठे जात नसते गं,
आपण तिला दार उघडून देतो."

खोलीच्या मधोमध पत्र्याची शेगडी,
तिचं धुराडं खिडकीतून बाहेर.
समोरची अख्खी इमारत
विडी ओढत बसल्यासारखी दिसायची.

आधी बागेतली बाकं जळली
(आम्ही नाही, दुसऱ्या कुणीतरी,
असं सगळेच सांगत).
मग आमच्या बैठकीची लाकडी फरशी,
भिंतीकडून दाराकडे, रोज चार पट्ट्या.
मग बूट. बूट पेटतात छान,
पण तीन दिवस सूपला रबराचा वास.
पाचव्या मजल्यावरचा वरझदात
जुना ज्ञानकोश जाळत होता, अक्षरवार,
जिन्यात गाठून सांगायचा,
"आज 'ग'वर बटाटे उकडले.
'ग' फार बारीक निघाला."

रॉकेल मिळालं तर स्टोव्ह.
नाही मिळालं तर मेणबत्ती,
तिच्यावर भोकं पाडलेला माशांचा डबा,
डब्यावर लांब दांड्याचं भांडं,
कॉफीला चाळीस मिनिटं.
आणि कॉफी म्हणजे भाजलेले जव.
तरी शेजारची शुशान कप पालथा करून
तळातल्या गाळात भविष्य बघायची.
"रस्ता दिसतोय," म्हणायची.
त्या वर्षी सगळ्यांच्याच कपात रस्ता होता.

आईची खरी युक्ती वेगळी.
गहू, मूठभर सुके जर्दाळू, मिळालंच तर एखादं हाड.
चार पट्ट्यांत होईल तेवढी उकळी,
मग झाकण घट्ट,
पातेलं आधी वर्तमानपत्रात, मग शालीत,
मग बाबांच्या जाड लोकरी कोटात,
गळ्यापर्यंत बटणं लावून,
आणि पलंगावर,
बाबांच्या जागी.

बाबा क्रास्नोदारला होते, बांधकामावर.
किंवा नव्हते.
सप्टेंबरनंतर पत्र नव्हतं.

आम्ही तिघं आणि पातेलं, एका रजईत.
ह्रांत गार पाय त्याला टेकवायचा.
"लाथ मारू नकोस," आई म्हणायची,
"शिजतंय."
कान लावला की आत काहीतरी हलायचं,
गहू फुगताना आवाज होतो की नाही
कोण जाणे,
मला यायचा.

एका रात्री तीन वाजता वीज आली.
अंगणात आरडाओरडा, खिडक्याच खिडक्या पिवळ्या,
वर धावणारी पावलं,
कुणी इस्त्री उलटी धरून तिच्यावर अंडं फोडलेलं,
कुणी त्या घाईत पोरांना आंघोळ घालतंय.
ह्रांतनं पाणी तापत ठेवलं,
मी पीठ मळायला घेतलं, कोपरापर्यंत पांढरी.
आई उठली नाही.
कुशीवर वळलेली होती,
एक हात कोटाच्या बाहीत,
बाहेरून आत, पार खांद्यापर्यंत घातलेला.

"आई, एकच तास आहे!"

"दिवा मालव," ती म्हणाली,
"जाग येईल."

कुणाला, ते मी विचारलं नाही.
दिवा मालवला.
अख्ख्या गल्लीत त्या तासाला
आमचीच एक खिडकी काळी.
ह्रांत अंधारात कुरकुरत राहिला,
पीठ माझ्या बोटांवर वाळून तडकलं.

सकाळी तिनं एकेक बटण काढलं,
खालून वर.
आधी कॉलर हुंगली,
मग झाकण उघडलं.
गहू फुलला होता, जर्दाळू विरघळून गेलेले,
वाफ अजून होती, थोडी.

मीठ कमी पडलं होतं.
कुणी बोललं नाही.