चारशे बारा माणसं

श्रीनिवास भाऊजींनी बावीस वर्षं माणसं गोळा केली,
तांबट आळीतून, बोहरी आळीच्या उधारीच्या वह्यांतून,
लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवरून.
त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ती चारशे बारा होती.
भाऊजी गेले, आणि वर्षाच्या आत
कॉम्प्युटरलाही घरघर लागली.

काकू, तपकीर गल्लीतला अझहर म्हणाला,
एक फाइल काढतो.
नव्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी चढेल.

जशीच्या तशी
चढली तीनशे एक्क्याण्णव.

पहिल्या रात्री सबंध घराणं नुसते चौकोन होतं,
चौकोन, उलटं प्रश्नचिन्ह, पुन्हा चौकोन.
फाँट जुना आहे, म्हणे. अझहरने काहीतरी फिरवलं
आणि मंडळी तोंड धुऊन आल्यासारखी दिसू लागली.
फक्त रफार वाटेत गळले.
आम्ही कर्डे, ते सगळे नुसते 'कडे' राहिलो.
कोणाकडे, ते लिहिलेलं नव्हतं.

भाऊजी साल शक्यात लिहायचे.
त्यामुळे कृष्णाजी आपल्या आजोबांच्या आधी जन्मले
आणि प्रोग्रॅमने लाल अक्षरांत हरकत घेतली.
अठ्ठ्याहत्तर मिळव रे, मी पडद्याला सांगत होते,
आणि माणूस पौष-माघातला असेल तर एकोणऐंशी.
जन्मभर पोस्टात व्याज मोजलेली बाई मी,
एकेकाला उचलून त्याच्या त्याच्या सालात ठेवत बसले.

हरवलेली कोण, ते कळायला आठवडा गेला.
बहुतेक बाळं होती.
प्लेगच्या त्या चार-पाच वर्षांत
भागीरथीबाईंची तीन गेली, बारशाच्या आत.
भाऊजींनी तिघांना तीन चौकटी दिल्या होत्या,
तिन्हींत एकच शब्द: बाळ.
प्रोग्रॅमने पाहिलं, नाव तेच, आई तीच, बाप तोच,
तिघांचं एक करून टाकलं
आणि वर निरोप ठेवला: दुबार नोंदी काढल्या आहेत.

मी पुन्हा वेगळी केली. बाळ, एक. बाळ, दोन.
तीन लिहिताना
बटण जरा जास्तच जोरात दाबलं गेलं.

द्वारकाबाईंचं मात्र काही करता आलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात आता दोनशे पंचावन्न अक्षरंच मावतात.
'ऐन थंडीत, पहाटे, नेसत्या लुगड्यानिशी
त्या घरातून निघून गेल्या, त्याला कारण'
आणि पुढे पांढरं.
जुनी हार्ड डिस्क अझहरने कानाशी धरून हलवली,
नारळ हलवावा तशी. नाही म्हणाला.

कारण भाऊजींना ठाऊक होतं.
एकदा सांगायलाही बसले होते, ओट्याशेजारच्या स्टुलावर.
मी पोळ्या लाटत होते.
हं म्हणाले. हं, हं. तूप वाढू का म्हणाले.

सगळी परत घालून झाल्यावर बेरीज आली
चारशे तेरा.
पोस्टात असते, तर तो एक सापडेपर्यंत
रात्री घरी गेले नसते.
इथे त्यानेच दाखवला.

इतर सुनांपुढे भाऊजींनी माहेरचं आडनाव तेवढं टाकलं होतं.
माझं सबंध नाव लिहिलं होतं, वडिलांसकट.
तिची नव्या प्रोग्रॅमने वेगळी बाई केली,
अविवाहित, मूलबाळ नाही.
हेमलता विठ्ठल वडके.
शेजारी शैलजा रमाकांत कर्डे.
जन्मतारीख एक, गाव पुणे.
ही एकच व्यक्ती आहे का?

तबकातल्या तांदळात अंगठीने गिरवलेलं नाव.
मी खाली मान घालून उलटं वाचलं होतं.
सगळे हसले, मीही हसले,
आणि त्या तांदळांचं पुढे काय केलं
ते कधीच विचारलं नाही.

हो. नाही.
खाली बारीक अक्षरांत अजून एक आहे:
नंतर विचारा.

रोज रात्री तो विचारतो.
मी तेच दाबते.