उसनं वजन

पुंता आरेनासमध्ये दुकानाचं दार
गिऱ्हाइकाला ढकलावं लागत नाही.
वारा ढकलतो, आपण फक्त खिट्टी सोडायची.

आयेलेन आली ती अशीच, दारासकट,
हातात शेजारच्या वाण्याकडून मागून आणलेला ताणकाटा.
म्हणाली, सेन्योरा विंका,
दीड किलोच्या आतली तिपाई दाखवा.
पाठपिशवीत दोन स्वेटर, कॅमेरा, पाव आहे,
आणि बसवाला सामान मांडीवर घ्यायला लावतो.

कुठे निघालीस?
सामुद्रधुनीपलीकडचे बसथांबे टिपायला.
सगळे. एकूण एक.
जिथे दिवसाला एक बस येते
किंवा येत नाही.

मी हसले नाही.
माझ्या नवऱ्याने, झ्वोन्कोने,
अकरा वर्षं एकाच गंजक्या बोटीचे फोटो काढले.
त्याची लाकडी तिपाई अजून कोपऱ्यात आहे,
पितळी चाव्यांची, सहा किलोची.
ती कधी पडली नाही.
तो मात्र उजव्या खांद्यात वाकडा झाला,
कोट शिवताना शिंपी दर वेळी विचारायचा, हे असंच ठेवू?

मी तिच्यासमोर तीन उभ्या केल्या.
एक अ‍ॅल्युमिनियमची, थंडीत हाताला चिकटणारी.
एक जुनी, कुणीतरी विकून गेलेली,
एका पायाचं रबर हरवलेली.
आणि एक कार्बनची, अकराशे ग्रॅम,
पाच टप्प्यांत मिटणारी,
शेवटचा टप्पा माझ्या करंगळीएवढा.

तिने मिटवून प्रत्येक मोजली कोपरापासून बोटांपर्यंत.
हातमोजे चढवून खटके उघडले, मिटले, पुन्हा उघडले.
मधली दांडी वर खेचायला गेली
तेव्हा मी मनगट धरलं.
ती नको.
ते उसनं अवसान.
उंची पायांतून येऊ दे.

तीन तिघाडा म्हणतात लोक,
पण खडकाळ जागी चौथा पायच लंगडतो,
एवढं तिला ठाऊक होतं. ते सांगावं लागलं नाही.

मग मी खिट्टी काढली.
पावत्या उडाल्या, कॅलेंडर जुलैवर गेलं.
अ‍ॅल्युमिनियमची फरशीवर ओरखडा काढत सरकली.
जुनी कुरकुरली, उभी राहिली.
कार्बनची आडवी झाली,
मुकाट, पाहुण्यांसमोर चक्कर आल्यासारखी.

आयेलेनने पडलेलीच उचलली. ही द्या.

अगं, ही पडली!
हो, पण हिच्या पोटाखाली आकडा आहे.
वजन मी इथून कशाला वाहू?
तिकडे असेलच की.

दोन हप्त्यांत पैसे.
बटाट्याची एक रिकामी जाळी मी वरून दिली.

एप्रिलात पाकीट आलं. चौदा फोटो.
सूर्य पाठीमागे, अगदी खाली,
म्हणून प्रत्येक थांब्यापर्यंत तिपाईची सावली लांबलेली
आणि सावलीच्या पोटात जाळी.
पहिल्यात दगड आहेत, ते कोपऱ्यांवरून कळतं.
दुसऱ्याच्या मागे लिहिलंय:
दोन्या एदुविनाचे बटाटे. परत केले, तीन कमी.
पाचव्यात मेंढ्या कातरणाऱ्याचे बूट,
तोवर तो बिचारा मोज्यांवर उभा.
नवव्यात बसचा जॅक.
त्यासाठी बस बावीस मिनिटं थांबली,
आतल्या कुणी तक्रार केली नाही, असं ती म्हणते.

चौदाव्यात जाळी रिकामी.
सरळ लोंबलेली, ओळंब्याच्या दोरीसारखी.
मागे काहीच लिहिलेलं नाही.

वारा पडला असणार.
आमच्याकडे वारा पडला की
माणसं भर रस्त्यात अडखळतात,
रेलायला काही उरत नाही म्हणून.

त्या फोटोत क्षितिज जरासं कललंय.
तिपाई हललेली नाही,
इतकी वर्षं विकतेय, मला कळतं तेवढं.