वजा एक

पहिल्या तासाला पट्टणशेट्टी सरांनी फळ्यावर लॅम्डा काढला
आणि मला आई दिसली:
भिंतीला टेकून, एक पाय लांब सोडून,
मांडीवर सूप.
सर म्हणाले, याच्या लगेच पुढं जे अक्षर येतं
ते याच्या घरचं. बद्ध.
बाकीची मुक्त.
तिळीतेन्री?
आम्ही माना हलवल्या. मराठीत आणि कन्नडमध्ये
सारख्याच हलतात त्या.

मुक्त हा शब्द मला आवडला होता.
मग कळलं, मुक्त म्हणजे
ज्याचा अर्थ आत कुणालाच माहीत नाही.
निपाणीच्या स्टँडवर शेवटची गाडी गेल्यावर
उरलेल्या माणसासारखं.

उद्यमबागेत हॉस्टेलच्या मागं रात्री दहापर्यंत लेथ चालतात.
खोली अकरात आधीच एक सुनंदा होती, हुक्केरीची.
मी ट्रंक घेऊन आत आले, मीही सुनंदा,
तर संध्याकाळपर्यंत माझी निपाणी झाली.
ए निपाणी, बादली दे.
निपाणी, तुझा फोन.
मार्कलिस्टात चौगुलेचं चौगला आधीच झालेलं,
त्यालाही मी ओ देते.

वहीत मात्र नियम उलटा आहे.
बाहेरून येणाऱ्याचं नाव आतल्याशी जुळलं
तर आतल्यानं आपलं बदलायचं,
येणाऱ्याचं राहू द्यायचं,
नाहीतर आत गेल्या गेल्या
तो भलत्याचाच होऊन बसतो.
दोनदा वाचलं.
शेजारी सुनंदा तोंडावर चादर घेऊन झोपली होती.
उठवून तिला सांगावं वाटलं,
उठवलं नाही.

नंतर आकडे आले, म्हणजे आकडे नाहीतच इथं.
पाच ही वस्तू नाही,
पाचदा करणं आहे.
काय करायचं ते मागाहून कुणी आणून देतं.
मागच्या बाकावरचा ईरण्णा वैतागला,
दोन लिहायला अर्धी ओळ?
मी गप्प.
आमच्या घरी हजार असाच मोजतात.
पान काप, जर्दा भर, वळ, तोंड मिट, दोरा मार.
पान काप, जर्दा भर, वळ,
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे,
आणि एकावर किती शून्यं
ते आई अजून मला विचारते.

शून्यही सोपं गेलं:
काही करायचं नाही,
जे दिलं ते तसंच परत.
पान न आलेला आठवडा.
सकाळी बसलेली आई, संध्याकाळी तीच आई.

पुढचा आकडा तर दोन मिनिटांचा. आणखी एकदा कर.
अडले ती मागचा काढताना.
केलेलं एकदा कमी कसं करायचं?
सरांनी फळा दोनदा पुसला.
जोडी करा, म्हणाले.
एक चालेल, दुसरा एक पाऊल मागून येईल,
शून्यापासून पुन्हा सगळं,
आणि पोचल्यावर मागचा तेवढा ठेवा.
म्हणजे हजारातून एक वजा करायला
मला हजार पुन्हा वळायच्या.
तीन पानं भरली. उत्तर आलं.
हाताला वास आल्यासारखा वाटला, नव्हता.

रविवारी फोनवर आईला सांगितलं.
"एक काढायला एवढं?
आमचा चेकर बघ की.
कट्टा घेतोय, दाबतोय,
धा-बारा चिमटीत मोडतोय,
नि म्हणतोय, भरून आण."
मग जरा थांबून,
"तुमच्यात त्या काढलेल्याचं काय करत्यात गं?"

वही उघडली.
जोडीतला जो पुढं चालत होता,
पुरा हजार झालेला,
तोच टाकून देतात.
कुठं, ते लिहिलेलं नाही.

सरांना विचारीन म्हणाले.
पलीकडं कात्री सुरू झाली होती.