काठाला काठ

साखर पेठेत, टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे
माझा तेरा वर्षांचा घरघरता संगणक.
चालू केला की नुसता काळा पडदा.
ना चित्र, ना कचरापेटी, ना कोपऱ्यात घड्याळ.
नरसय्यामामा म्हणाले, "बंद पडलाय काय बे?"
नाही मामा. वाट बघतोय.

एक कळ दाबली, खिडकी उघडली पडदाभर.
दुसरी उघडली तशी पहिली आपणहून आकसली,
जेवताना कुणी आलं की आई सरकते तशी,
ताट हातात धरून.
तिसरी आली. कुणी कुणाच्या अंगावर नाही,
काठाला काठ:
डावीकडे उधारी, उजवीकडे चादरीचा अर्धा मोर,
खाली सुताचे भाव.

माऊस मी मार्चमध्येच काढून ठेवला.
चाळीस वर्षं माग चालवून मामांचा उजवा हात थरथरतो.
बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरायचा,
बटणावर बसायचाच नाही.
मामा हसायचे. मग हसेनासे झाले.

"आधी मनगटात कळ यायची," ते म्हणाले,
"आता बोटाखाली आली."

परवा त्यांच्याकडून दोनचा आकडा दाबला गेला
आणि सगळंच नाहीसं झालं.
उधारी, मोर, सूत.
मामांचा चेहरा उतरला.
शेजारच्या खोलीत गेलं, मामा. एक दाबा.
आलं की, जसंच्या तसं!

मग दोन. एक. दोन. एक.
"धोटाच की रे हा," म्हणाले,
आणि पाय टेबलाखाली
नसलेली पावडी दाबू लागले.

त्या रात्री जेवायला फार उशीर झाला.