फणसाचे ठोकळे

लिबानियाचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते,
म्हणून कुडतरीहून माझ्या वडिलांना बोलावणं आलं.
किरकोळ सुतारकाम, एवढंच सांगितलेलं.
मी करवत धरायला बरोबर, वय नऊ.
ती सात.

वडिलांनी आधी तिची टाच मोजली,
मग पितळी पेडल, मग मधली हवा.
साडेचार इंच हवा होती.
फणसाचे दोन ठोकळे केले, खाली खाच,
सुंभानं पाय खरचटेल म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी.
"वाजव गो बाये," म्हणाले,
खाट ठोकून झाल्यावर म्हणायचे ना, बसून बघा, तसं.

तिनं वाजवलं,
आणि वडील रंधा हातात घेऊन उभेच.
आमच्याकडे भजनाची पेटी होती.
पेटीचा सूर भात्यातून येतो, मला माहीत होतं.
हा कुठून येतो?
मी वाकून पियानोच्या खाली पाहिलं.
पायांना मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या.
चारही वाट्यांत पाणी थरथरत होतं.

त्या पियानोची एक काळी पट्टी मुकी होती.
दाबली की लाकडाचा टक्, बस.
ती मात्र दाबायची,
आणि मान कलती करून तेवढा वेळ थांबायची.
बाप तारवटी, बोटीवर. घरात नारळांच्या हिशेबाची वही.
तिच्यात पाडेल्याच्या मजुरीशेजारी पाच-पाच रेघा ओढून
ती स्वतःचं लिहायची.
मेस्त्री सिप्रियान चष्मा वर करून म्हणाले, इथे तर काहीच वाजत नाही.
ती म्हणाली, वाजतं.

पणजीला गव्हर्नरसमोर वाजवायचं ठरलं
तेव्हा ठोकळे वर्तमानपत्रात गुंडाळून वडीलही गेले,
बसवायला. कोट उसना.
तिथला पियानो आरशासारखा, एकही पट्टी मुकी नाही.
तिनं आपलं लिहिलेलं सुरू केलं, त्या जागी आली,
पट्टी दाबली,
आणि ती वाजली.
तिनं हात मांडीवर घेतले.
लोकांना वाटलं संपलं. टाळ्या.
दुसऱ्या दिवशी छापून आलं: कुडतरीचं नवल, सात वर्षांचं.
ती तेव्हा आठची झाली होती.
फोटोत ठोकळे नव्हते.

दर मे महिन्यात वडील जाऊन अर्धा इंच तासून यायचे.
भुगा तिची आवय चुलीला ठेवायची.
मग एका वर्षी ठोकळे भाकरीएवढे पातळ झाले,
पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.
मडगावच्या मोटारीही कमी झाल्या म्हणे.
सात वर्षांची पोर वाजवते ते नवल,
सतरा वर्षांची तेच वाजवते ते बरं.

लिस्बनला गेली. परत आली.
मधलं मी विचारलं नाही.
एकदाच, दाराची बिजागरी बसवताना, आपणहून म्हणाली,
"तिथं प्रत्येक खोलीत एकेक लिबानिया होती, शाबू.
दार उघडं असलं की ऐकू यायची."
आणि स्क्रू माझ्या हातात दिला.

परवा तिचा निरोप आला.
वडील नाहीत, माझे हात कापतात, तरी गेलो.
शिकायला येणारी एक मुलगी स्टुलावर बसलेली,
गुडघ्याला खरूज, पाय अधांतरी.
जुन्यातला एक ठोकळा जेवणाच्या टेबलाखाली आहे,
तो पाय आखूड आहे. दुसरा कुठे गेला कुणाला ठाऊक.
मी टाच मोजली. चार इंच हवा.

मग पट्टी दाबून पाहिली. टक्.
"हिला आता बोलती करू का?"
लिबानिया खिडकीशी वाटाणे सोलत होती.
"मला काय विचारतोस," म्हणाली, "हिला विचार."

मुलीनं पट्टी दाबली.
पुन्हा दाबली.
मान कलती केली.
मी पिशवीतून पेचकस काढला होता,
तो तसाच हातात धरून
उभा राहिलो.