बेटकुळी

लातूरला, फिजिओच्या पहिल्याच वर्षी
काझी मॅडमनी फळ्यावर एक दंड काढला,
खडूचा फुगवटा, आणि खाली लिहिलं : मसल.
मग वळून विचारलं, हा शब्द आला कुठून?
कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं
इंग्रजी शब्द कुठूनच येत नाहीत,
ते पुस्तकात असतात आणि पाठ करायचे असतात.

लॅटिनमध्ये म्हणे मुस म्हणजे उंदीर,
मुस्कुलुस म्हणजे इवला उंदीर.
कुण्या रोमन बाप्यानं हात दुमडला असेल,
कातडीखालून काहीतरी सरसरत वर गेलं असेल
आणि समोरचं पोरगं ओरडलं असेल : उंदीर!

वर्ग हसला. मला परभणीचा मोंढा दिसला.
तुरीच्या कट्ट्यांच्या थप्पीवर आबा,
खाली खाजामियाँ बिडी विझवत,
आणि शाळा सुटून डबा न्यायला आलेली मी.
"बग माय, बेटकुळी काढतो."
घामानं चमकणारा दंड, त्यात ती टुणकन वर.
मी बोटानं दाबायची. निसटायची. पुन्हा यायची.
"चावती का?"
"हाव. भाकर नाय दिली तर."

म्हणजे तिकडं उंदीर, इकडं बेडूक.
मोंढ्यात उंदरांना काय तोटा होता!
आबांच्या चपलेचा अंगठा एका रात्रीत नेला त्यांनी.
तरी आमच्या माणसांनी दंडात बेडूकच पाहिला.
का, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
माझं उत्तर परीक्षेत चालणार नाही :
उंदीर पोत्याला भोक पाडतो.
हमाल त्याला अंगात थारा कशाला देईल?

संक्रांतीनंतर आबांची उजवी बाजू गेली.
शिमग्याला घरी आले तेव्हा
बाजेवर हात पडलेला, झटकून टाकलेल्या बारदान्यासारखा.
मी कोपर धरते, वाकवते, सोडते,
दहा झाले की पुन्हा दहा.
"काय शिकू लालीस तिथं?"
शब्द एकेक करून उतरवतात, जड कट्टे असावेत तसे.
मी उंदराची गोष्ट सांगते.
ते अर्ध्या तोंडानं हसतात.
"मंग मांजर येऊन गेलं म्हन की माज्याकडं."

नाही आबा, आपला बेडूक आहे.
आठवतं, दुष्काळात तळ्याचा गाळ काढायला गेला होतात,
मी सोबत होते. तुमच्या फावड्याखाली ढेकूळ फुटलं
आणि आत तो. डोळे मिटलेला, मातीच्याच रंगाचा.
मी म्हणाले, मेलाय.
तुम्ही म्हणालात, झोपलाय गं,
आणि दोन्ही हातांनी माती परत ओढून घेतली त्याच्यावर,
मुकादम ओरडत होता तरी.

आबा काही बोलले नाहीत.
त्यांना आठवलं की नाही, कळलं नाही.
खाजामियाँ दारातून डोकावून गेले, हातात केळी.

पुस्तकात ताकदीचे अंक आहेत.
शून्य म्हणजे काहीच नाही.
एक म्हणजे हात हलत नाही, पण बोटाखाली
काहीतरी थरथरल्याचं लागतं.
तेल लावून मी दंडावर अंगठा ठेवला,
म्हटलं, आबा, काढा बेटकुळी.
त्यांनी डोळे मिटले. कपाळावर शिरा आली.

काहीतरी होतं तिथं.
माझ्याच अंगठ्याची नाडी असेल.
वहीत तारीख घातली,
पुढचा रकाना मोकळा ठेवला.