शून्य मीटरवर

बोदलझरी बीट, रेषा क्रमांक चार.
दोन किलोमीटर, सरळ.
मधे नाला आला तरी सरळ,
मोह आडवा आला तर बुंध्यावर पिवळा पट्टा,
पलीकडून पुन्हा सरळ.
पहाटे सहाला दसरूभाऊ उईके पुढे, मी मागे.
त्यांच्या टायरच्या चपलेखाली
सागाचं वाळकं पानसुद्धा वाजत नाही,
माझ्या बुटाखाली सगळं रान कुरकुरतं.

दिसलं की थांबायचं.
यंत्र डोळ्याला लावायचं: चौऱ्याहत्तर मीटर.
होकायंत्र बघायचं: रेषेपासून अठ्ठावीस अंश.
डोकी किती? सहा चितळं, त्यात एक पाडस.
मग अंतराला कोनाच्या ज्येनं गुणायचं.
ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी.
शाळेत आम्ही तिला नुसतं साइन म्हणालो,
आणि शिकार कुणाची ते विचारलं नाही.

रात्री रेंज ऑफिसात लाइट जाते,
लॅपटॉप तेवढा उजेड देतो.
गणित एवढंच धरून चालतं
की रेषेवर जे उभं आहे ते दिसतंच.
शून्य मीटरवर खात्री पूर्ण.
पुढे नजर उतरत जाते, आधी हळू, मग भराभर,
खळ्यावरच्या धानाची रास मधोमध कापावी तशी.
त्या उतारावरून उलटं यायचं,
आणि जी दिसली नाहीत ती किती होती, ते काढायचं.
हे मला आवडतं.
न दिसलेल्यांनाही इथे हिशेब आहे.

पण आमच्या राशीला शेंड्यावरच खड्डा.
दहा ते वीस मीटर: एकोणीस वेळा.
शून्य ते दहा: तीन.
पन्नासवर मात्र उंच सुळका,
कारण थुलकर गार्ड सत्तेचाळीसलाही पन्नासच लिहितो,
त्रेपन्नलाही.
ते समजतं. हा खड्डा समजत नाही.
एक सूत्र वाकवलं, दुसरं वाकवलं,
लांबची टोकं छाटून पाहिली.
नागपूरहून सर फोनवर म्हणाले,
जनावरं आधीच पळत असतील, तुम्ही चालताना बोलता का?

दसरूभाऊ बोलत नाहीत. विडीसुद्धा नाल्यापलीकडे.

दुसऱ्या दिवशी लेंडियाच्या आडोशाला भेकर.
रेषेवरच. आठ पावलांवर.
दसरूभाऊंचा हात मागे आला, तळवा उघडा,
माझ्या छातीपुढे धरला.
भेकरानं कान फिरवला, एकच,
आणि कुठलीही घाई न करता निघून गेलं.
तेही निघाले.
मी पेन काढलेलं तसंच.

"सांगितलं काहून नाही?"
"दूरचं सांगतो ना जी. थे मोजाचंच.
इतकं जवळ आलं त्याले मोजाचं नसते, मॅडम.
थे आपल्या भरोशावर उभं रायते."
"कवापासून?"
"लाइनी आखल्या तवापासून."

तीन वर्षं.
मी नाल्यापर्यंत समजावत गेले:
रेषेवरचं एक सुटलं
की मागचं सगळं रान कमी भरतं,
धानाच्या मापात पहिलीच पायली विसरावी तसं.
"कमी भरलं तं का होते?"
"कागदावर जंगल ओसाड दिसते, भाऊ.
मग कोणी म्हणते, रस्ता काढा, काय आहे इथं?"
त्यांनी गमछा सोडला, पुन्हा बांधला.
हो म्हणाले नाहीत.

शनिवारी पाणवठ्याच्या वळणाला ते थांबले.
बोट नाही दाखवलं. हनुवटी किंचित वर केली, बस.
चौशिंगा, मादी, एकटी.
मी यंत्र लावलं तर पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा:
इतक्या जवळचं ते मोजतच नाही.
दसरूभाऊ डोळ्यांनी हसले, माझ्याकडे न बघता.

ती गेल्यावर पावलांनी मोजलं. सहा.
कोन शून्य.
ज्या शून्य, दोरी ताणलीच नाही कुणी.
तक्त्यात लिहिलं: एक.
मागच्या तीन वर्षांचे पहिले रकाने
मी अजून तसेच ठेवलेत,
बुटके.